वडगावच्या एका परड्यातले टोमॅटोचे पिंजरे

जुलैच्या झडीत एका रात्री दहा टोमॅटोंपैकी सात आडवे झाले, आणि सातही पिंजऱ्यासकट. खोड मोडलं नव्हतं, बांधलेली चिंधी सुटली नव्हती, पिंजऱ्याची एकही कडी तुटली नव्हती. पिंजऱ्याने झाड घट्ट धरलं होतं आणि तसंच धरून तो त्याच्याबरोबर चिखलात पडला होता. विकतचा पिंजरा कुचकामी आणि घरचा भक्कम, एवढं म्हणून विषय मिटवता आला असता. पण त्याच परड्यात पुढे घरी केलेल्या पिंजऱ्यानेही वेगळाच घोळ घातला, म्हणून हे प्रकरण नीट मांडून ठेवतोय.

जागा आणि माणसं

घर बेळगावच्या वडगाव भागातलं, येळ्ळूरच्या रस्त्याच्या अंगाला. शहापूर, वडगाव, येळ्ळूर हा सगळा काळ्या मातीचा, बासमती पिकवणारा पट्टा. बळ्ळारी नाल्याला पाणी आलं की खालची भातं बुडतात. हे परडं जरा उंचावर आहे, पाणी तुंबत नाही. ओल मात्र तीच: जूनच्या अखेरीपासून माती लोण्यासारखी होते आणि सप्टेंबरपर्यंत तशीच राहते. वर पश्चिमेचा वारा. शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आणि घाटाला लागून, त्यामुळे जुलैत इथे ऊन दिसत नाही, अंगावर स्वेटर चढतो. अशा हवेत टोमॅटो लावायचा म्हणजे दोन शत्रू गृहीत धरायचे, वारा आणि करपा.

तात्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. आक्कांचं माहेर कडोलीकडचं, गोव्याला भाजी पाठवणाऱ्या शेतकऱ्यांचं. म्हणजे एकाला लोखंड कळतं आणि दुसरीला टोमॅटो. या घरात पिंजऱ्यावरून जी काही खडाजंगी झाली ती या वाटणीतूनच झाली.

परड्यात सहा सहा मीटरचे दोन गादीवाफे, पूर्व-पश्चिम. सहा झाडं अर्का रक्षकची, चार चेरीची. अर्का रक्षक हा बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा संकर. फळ ७५ ते १०० ग्रॅमचं, चौकोनी गोल. पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तो दाद देत नाही. उशिरा येणारा करपा त्या तिघांत नाही, आणि बेळगावच्या जुलैत तोच येतो. झाडाची वाढ अर्धमर्यादित, म्हणजे बऱ्यापैकी उंच जाऊन आवरतं घेणारी. चेरी मात्र अमर्याद वाढीची, हवामान जमेल तोवर शेंडा चालूच. पिंजऱ्याचा विचार करण्याआधी हा फरक पाहायला हवा होता. दुकानदार तो विचारत नाही आणि गिऱ्हाईक सांगत नाही.

कडोलीकडे टोमॅटो तार-काठीवर असतो. ओळीने काठ्या रोवायच्या, वर तार ओढायची आणि सुतळीने झाड वर वर बांधत न्यायचं. शेतात त्याला तोड नाही. खरं (आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, सवय आहे) त्यात दर आठ-दहा दिवसांनी प्रत्येक झाडाजवळ बसून बगलफूट, म्हणजे पानाच्या बेचक्यातून निघणारी कोवळी फांदी, खुडावी लागते आणि नवा फास द्यावा लागतो. आक्कांचे गुडघे आता तसं बसू देत नाहीत. पिंजऱ्याचं आकर्षण तिथे होतं: एकदा लावला की फांद्या आपसूक कड्यांवर टेकत जातात, बांधाबांध जवळजवळ नाही. म्हणून तात्यांनी ऑनलाइन दहा पिंजरे मागवले.

सहा सेंटिमीटर

ते पिंजरे शंकूसारखे होते. खाली अरुंद, वर रुंद, तीन पायांचे, उंची तीन फूट. पडलेला एक उचलून आम्ही टेप लावला. जमिनीच्या पातळीला तिन्ही पाय २४ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळावर होते, वरची कडी ३८ सेंटिमीटरची. पाय मातीत गेले होते जेमतेम वीतभर.

यावर तात्यांचं पहिलं म्हणणं, तार बारीक आहे. तार बारीक होतीच, पण पडण्याशी तिचा संबंध नव्हता. वाकलेली एकही तार सापडली नाही. खरी गोची पायांत होती. तीन पायांची वस्तू पायावरून पडत नाही, दोन पायांना जोडणाऱ्या रेषेवरून कलंडते. पाय मध्यापासून १२ सेंटिमीटरवर असतील, तर ती रेषा मध्यापासून फक्त ६ सेंटिमीटरवर येते. झाड, पानं, पावसाचं पाणी आणि हिरवी फळं यांचा भार जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर एकवटलाय असं धरा. पिंजरा सहा अंशांपेक्षा कमी कलला तरी तो भार रेषेच्या बाहेर जातो. तिथून पुढे पिंजरा उभा राहतो तो फक्त मातीतल्या पायांच्या पकडीवर. जुलैतली काळी माती पकड देत नाही, ती पायाभोवती खळगा करून देते. वारा दिवसभर झाड हलवतो, खळगा रुंदावतो, रात्री एक जोराची झुळूक येते आणि काम होतं.

आता पाय चार करा आणि वर्तुळ ६० सेंटिमीटरचं करा. कलंडण्याची रेषा २१ सेंटिमीटरवर जाते. तोच भार, तीच उंची, पण आता पडायला एकोणीस अंश कलावं लागतं. तार कितीही जाड घेतली तरी हा फायदा तिच्यातून मिळत नाही. शिवाय पाय वीतभराऐवजी हातभर खोल गेले तर गोष्ट आणखी वेगळी. तात्यांना मी हे पाटीवर काढून दाखवलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “म्हंजे खाली रुंद, वर अरुंद पायजे. मग हेच उलटे करून ठेवूया की.”

ही युक्ती टाकाऊ नाही. शंकू उलटा ठेवायचा, रुंद कडी जमिनीवर, तिला सळईच्या यू आकाराच्या खुंट्या मारायच्या आणि वर आलेले पाय एकत्र बांधायचे. टोमॅटोला तो बुटका पडतो. ढोबळी मिरची आणि वांग्याला मात्र झकास बसतो, आणि ते दहाही पिंजरे आज तसेच वापरात आहेत.

जाळी, बांगड्या आणि खिडक्या

झाडं पडलेली असताना गणित करत बसायला वेळ नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्यासाठी आणलेली वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची चौकोनी जाळी, घरात पडून होती, चार फूट रुंद, दोन बाय दोन इंचांचे चौकोन. तात्यांनी तिचे जवळपास दोन-दोन मीटरचे तुकडे तोडले. खालची आडवी तार कापून टाकली की उभ्या तारांची टोकं दाभणासारखी मोकळी होतात आणि मातीत रुततात. झाडं हलक्या हाताने उभी केली, भोवती जाळी गुंडाळली, दोन बाजूंना काठ्या ठोकून जाळी त्यांना बांधली. उभी राहिली. पुढच्या झडीतही उभी राहिली. तात्या खूश.

ऑगस्टच्या मध्यावर आक्का पहिला तोडा करायला गेल्या आणि आतून हाक आली: “अहो, टोमॅटो दिसूलाल्यात, खरं हात जाईना बघा!”

दोन इंची चौकोनातून पंजा जात नाही, हे कुणीही सांगेल. पण जाळी लावताना तो विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता. डोक्यात वारा होता. फळ लालबुंद होऊन आत लटकलेलं, वरून हात घालावा तर चार फुटांवरून खाली पोचत नाही. दोन-तीन फळं तर चौकोनात वाढून तिथेच अडकली होती, तारेची खूण फळाच्या अंगावर उमटून. खालची पिवळी पानं काढायचीही सोय नाही, आणि करप्याच्या दिवसांत ती काढता न येणं म्हणजे रोगाला पाट मांडून देणं.

मग किती मोठं भोक हवं? तात्यांनी पुठ्ठ्यात दोन चौकोन कापले, एक १० सेंटिमीटरचा, एक १५ चा. आक्कांच्या बांगड्या दोन-सहाच्या, आतला व्यास साठ मिलिमीटर. रिकामा हात १० सेंटिमीटरच्या चौकोनातून सहज गेला, बांगड्या मनगटावर सरकल्या, काही अडलं नाही. अर्का रक्षकचा टोमॅटो मुठीत घेऊन तोच हात बाहेर काढला तर बोटांची पेरं पुठ्ठ्याला घासली आणि सरकलेल्या बांगड्या पंज्यामागे येऊन कडेला अडल्या. तारेला त्या अडल्या असत्या तर फुटल्या असत्या. १५ सेंटिमीटरच्या चौकोनातून मूठ, टोमॅटो, बांगड्या सगळं एका झटक्यात बाहेर. माप तिथेच ठरलं. परदेशात लोक काँक्रीटमध्ये घालायच्या सहा इंची जाळीचे पिंजरे करतात, ते याच कारणाने. आपल्याकडे ही जाळी मिळते, पण किरकोळीत एक-दोन तुकडे कुणी तोडून देत नाही.

जाळी वाया घालवायची नव्हती, म्हणून तिला खिडक्या पाडल्या. तीन बाय तीन असे नऊ चौकोन एकत्र मोकळे केले की सहा इंचांची खिडकी होते. खिडक्या एकाखाली एक पाडल्या तर जाळी त्या रेषेत दुमडते, म्हणून एक इकडे, पुढची वर आणि बाजूला, अशा तिरक्या पाडायच्या. कापलेली तार सुईसारखी राहते. पकडीने तिची टोकं आत वळवून चपटी करावी लागतात. जिथे कापलं तिथला जस्ताचा थर जातो आणि गंज तिथूनच लागतो, तेव्हा ब्रशने रंगाचा हात. एका पिंजऱ्याच्या आठ खिडक्यांना तात्यांचा अख्खा सकाळचा वेळ गेला. दहाही पिंजरे असे करायला त्यांनीच नकार दिला.

सळई की बांबू

पावसाळा संपल्यावर नव्याने करायचं ठरलं, आणि तात्यांनी अर्थातच सळई काढली. सहा मिलिमीटरची सळई मीटरला २२२ ग्रॅम भरते. ६० सेंटिमीटर व्यासाच्या कडीला जोडासकट १.९५ मीटर लागते. चार कड्या आणि १.६ मीटरचे चार पाय मिळून सव्वाचौदा मीटर, म्हणजे एका पिंजऱ्याला सव्वातीन किलोच्या आत. दहाचे साधारण ३२ किलो. त्यावर वेल्डिंग. ज्याला भाव ठाऊक आहे त्याने गुणाकार करावा. फार महाग पडतं असं नाही, आणि वस्तू वर्षानुवर्षं टिकते.

नडतं ते ठेवण्यापाशी. साठ सेंटिमीटर रुंद, दीड मीटर उंच असे दहा नळे उन्हाळ्यात ठेवायचे कुठे? सगळे एका मापाचे असतील तर एकात एक जात नाहीत. ५४, ५७, ६०, ६३ असे चढते व्यास घेतले तर जातात, आणि जागा असलेल्या माणसाने सळईचेच करावेत असं माझंही मत आहे. इथे जागा म्हणजे जिन्याखालचा कोपरा. आक्कांनी एका वाक्यात निकाल लावला: “माझ्या सरपणाच्या जागेवर डोळा ठेवायचा नाही.”

म्हणून पाय बांबूचे आणि कड्या तारेच्या. जोड बाइंडिंगच्या तारेचे, सोडले की सगळं सुटं होऊन भिंतीला टेकवता येईल असे. कड्यांसाठी आठ गेजची, म्हणजे चार मिलिमीटरची जस्ताची तार. ती मीटरला शंभर ग्रॅम. चार कड्यांना पाऊण किलोहून थोडी जास्त. दहा पिंजऱ्यांना आठ किलोच्या आत लोखंड.

बांबूसाठी तात्या बुरुडाकडे गेले. घाटाखालून येणारा माणगा जातीचा बांबू भरीव असतो, तोच मागितला. बुरूडमामांनी आधी हंगाम विचारला, मग म्हणाले, “कोवळा घेऊ नका तात्या, वर्षात पीठ पडतंय त्याचं.” ते पीठ म्हणजे भुंग्याने पोखरलेला चुरा. बांबूच्या अंगात साखर-पिष्ट असतं, त्यावर तो किडा जगतो. कोवळ्या आणि पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला तो जास्त लागतो. तीन वर्षं जून झालेला, थंडीत तोडलेला बांबू घ्यायचा आणि दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे अंगचं पिष्ट निघून जातं. आमच्या तात्यांनी जुन्या हौदात बुडवला. आठवडाभरात त्या पाण्याला असा वास सुटला की शेजारच्या वैनी विचारायला आल्या. पाणी बदलत राहायचं, एवढं सांगून ठेवतो.

बांधणी

पायाची लांबी १७० सेंटिमीटर: ४५ मातीत, १२५ वर. वीस फुटी बांबूचे तीन पाय निघतात, तेव्हा चाळीस पायांना चौदा बांबू. जाडी अंगठ्याहून थोडी जास्त, अडीच-तीन सेंटिमीटर.

पाय कापताना वरचं टोक पेराच्या गाठीच्या लगेच वर कापायचं. बांबू भरीव असला तरी एखादं पेर पोकळ निघतं, आणि गाठीच्या वर नळी राहिली तर पावसाळाभर तिच्यात पाणी साठून डास होतात. दहा पिंजऱ्यांच्या चाळीस नळ्या म्हणजे डेंग्यूला आमंत्रणच. खालचं टोक कोयत्याने तासून अणकुचीदार केलं. मग तळाचा ५५ सेंटिमीटरचा भाग बाहेरच्या चुलीवर फिरवत काळा होईपर्यंत भाजला आणि थंड झाल्यावर डांबराचा हात दिला. बांबू कुजतो तो सगळ्यात खोल टोकाला नव्हे. माती आणि हवा जिथे भेटतात तिथे, जमिनीच्या वर-खाली दोन-चार बोटं. तेव्हा डांबर त्या रेषेच्या वर आलंच पाहिजे. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं आणि पुष्कळ लोक ते वापरतात. खाण्याची भाजी असलेल्या वाफ्यात ते घालू नये. त्यात इंजिनाची झीज होऊन आलेले धातू असतात.

कड्या वाकवायला तात्यांनी दोनशे लिटरचं लोखंडी बॅरल आडवं टाकलं. त्याचा बाहेरचा व्यास ५८ सेंटिमीटरच्या आसपास. तारेचं टोक आकड्यात अडकवून बॅरलभोवती घट्ट वेढे घ्यायचे, एकाला एक लागून, आणि मग सोडायचे. तार थोडी उसळून उघडते, म्हणजे हवा तो ६०-६२ चा गोल आपोआप मिळतो. मग जोडापुरती जास्त लांबी ठेवून पक्कड-कटरने एक-एक कडी कापायची. सहा-सात सेंटिमीटरचा जोड एकावर एक ठेवून बारीक तारेने आवळला.

कडी पायांच्या आतून लावायची की बाहेरून, यावर बराच खल झाला. सेंट्रिंगवाले आतून-बाहेरून कशीही बांधतात, त्यांना पुढे काँक्रीट सांभाळून घेतं. इथे झाड वाढत जाऊन पाय बाहेर ढकलतं. कडी आतून असेल तर तो सगळा ताण बांधलेल्या बारीक तारेवर येतो आणि एक दिवस ती सुटते. कडी बाहेरून असेल तर पिंपाच्या पट्टीसारखी ती स्वतःच ताण घेते. बारीक तारेला फक्त कडी खाली घसरू न देण्याचं काम उरतं. बाहेरूनच लावली. बांबूवर हॅक्सॉने तारेच्या जाडीची उथळ खाच घेतली, कडी खाचेत बसवली आणि फुलीची गाठ मारली. खिळा मारायचा नाही, बांबू उभा चिरतो. गाठीचं टोक वळवून खाली दाबायचं. पदर आणि बांगडी दोन्ही त्यालाच अडकतात.

कड्यांची उंची जमिनीपासून २५, ५५, ८५ आणि ११५ सेंटिमीटर. मधल्या जागा त्यामुळे चांगल्या फूटभर रुंद झाल्या, आक्कांचा हातच काय, पाटीही आत जाईल. उलट एखादी फांदी त्यातून बाहेर सुटते, तिथे चिंधी बांधायची. या चिंध्यांचीही एक गंमत. वडगाव-शहापुरात मागांचा खडखडाट अजून आहे आणि सुताचा गुंता कुणीही आणून देतो. पण तो बहुतेक कृत्रिम रेशमाचा, बारीक नि गुळगुळीत. ओल्या कोवळ्या खोडाला तो सुरीसारखा काचतो. जुनं सुती लुगडं फाडून केलेली दोन बोटं रुंद पट्टी बरी. फांदी आणि काठी यांच्यामध्ये एक पीळ देऊन सैल बांधायची.

वाफ्यात

वाफा सहा मीटरचा, पिंजरा साठ सेंटिमीटरचा, मध्यापासून मध्यापर्यंत १.२ मीटर. म्हणजे वाफ्यात पाच झाडं, एकही जास्त नाही. रोपवाटिकेतून सोळा रोपं आली होती. सहा वाटून टाकताना तात्यांचा जीव खालीवर झाला. पण दोन पिंजऱ्यांमध्ये माणूस वळू शकला पाहिजे आणि पानं सुकायला वारा फिरला पाहिजे. उशिरा येणाऱ्या करप्याला थंडावा आणि पानावर तासन्‌तास टिकणारं पाणी, एवढंच लागतं. बेळगाव तालुक्यात खरिपात बटाटाही असतो आणि हा रोग बटाट्यावरून टोमॅटोवर येतो-जातो, त्यामुळे बीजाणूंची टंचाई कधीच नसते.

पिंजरा रोप लावल्यावर दोन आठवड्यांच्या आत बसवला. आधी पहारेने चार भोकं, मग पाय, मग भोवतालची माती काठीने ठोकून घट्ट. झाड कंबरेइतकं झाल्यावर पिंजरा वरून घालायला गेलं की निम्म्या फांद्या मोडतात आणि पायांनी मुळं तुटतात. प्रत्येक वाफ्याच्या दोन्ही टोकांना एक-एक जाड खुंट ठोकला आणि पाचही पिंजऱ्यांच्या वरच्या कड्या एका तारेने ओवून त्या खुंटांना ताणल्या. वाफे पूर्व-पश्चिम, वाराही पश्चिमेचा, म्हणजे जोर ओळीच्या लांबीवर येतो आणि पाच पिंजरे मिळून तो झेलतात.

जमिनीपासून पहिल्या कडीपर्यंतची पानं झाड गुडघ्यापर्यंत आल्यावर काढून टाकली. पावसाचे शिंतोडे मातीतले बीजाणू आधी त्या पानांवर उडवतात. खाली उसाचा पाला पसरला. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्या पाहुण्यांच्या गाडीतून तो फुकट येतो. अर्का रक्षकची बगलफूट फारशी काढली नाही. चेरीला मात्र चार फांद्या ठेवून बाकी खुडत राहावं लागलं.

हिवाळ्याच्या हंगामाने काहीच सिद्ध केलं नाही, वाराच नव्हता. खरी परीक्षा मेमध्ये वळवाने घेतली, तोही उलट्या, पूर्वेच्या अंगाने आला. घरांचे पत्रे वाजले, पिंजरे हलले, पडलं काही नाही. नंतर जुलैच्या झडीत पश्चिमेच्या टोकाचे दोन पिंजरे आत झुकले. पाहिलं तर खुंट मऊ मातीत ओढला गेला होता. तो पुन्हा, यावेळी तिरका आणि अर्धा मीटर खोल ठोकला. करपा आला, पिंजरा त्याला थांबवत नाही. पण खालची पानं रोज हात घालून काढता येत होती, त्यामुळे तो झाडाच्या निम्म्यावर थबकला. चेरीचं एक झाड उपटून टाकावं लागलं.

चेरीने दुसराही त्रास दिला. सव्वा मीटरच्या पिंजऱ्यातून शेंडे वर निघाले, कडीवरून बाहेर लोंबले, आणि चार मिलिमीटरची तार त्या जड फांद्यांना रुतून दोन फांद्या तिथेच दुमडल्या. उपाय किरकोळ: बागेच्या पाण्याचा जुना पाइप उभा चिरून वरच्या कडीवर चढवायचा, धार बोथट होते. अर्का रक्षकला चौथ्या कडीची गरजच पडली नाही, तिसरीवरच त्याची फळं टेकली.

दिवाळीनंतर पिंजरे सोडले. डांबर दिलेले पाय शाबूत आहेत. दोन पाय घाईत नुसतेच भाजून लावले होते, त्यांची मातीलगतची चार बोटं नखाने दबतात. तेवढा भाग करवतून उरलेल्या काठ्या वांग्याला गेल्या. तारेच्या कड्या साबणाच्या पाण्याने पुसून उन्हात टाकल्या होत्या. त्या वाफ्यांत आता टोमॅटो, मिरची, वांगी काहीच नाही. तेच पिंजरे तिथेच पुन्हा रोवून त्यांवर घेवडा आणि काकडी सोडलीय. टोमॅटो पलीकडच्या दोन नव्या वाफ्यांत जाईल. सहा पिंजरे अर्का रक्षकला, तीन-तीन कड्यांचे. चेरी यापुढे तार-काठीवर घ्यायची, असं आक्कांनी जाहीर केलंय. फास तात्यांनी द्यायचे, आणि ते कसे द्यायचे हे बाकावर बसून आक्का सांगणार आहेत.